जेन्युइन की आफ्टरमार्केट: गाडीचा पार्ट निवडण्याची सविस्तर पद्धत

“कंपनीचा टाकू की बाहेरचा?” मेकॅनिकने असं विचारलं की बरेच जण सवयीने उत्तर देतात. कोणी डोळे झाकून कंपनीचा म्हणतं, कोणी डोळे झाकून स्वस्तातला. दोन्ही उत्तरं अधूनमधून बरोबर ठरतात, पण योगायोगाने. माझ्या मते डब्यावर कोणाचं नाव आहे हा तिसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा की हा पार्ट चालत्या गाडीत निकामी झाला तर काय होईल? दुसरा, तो लवकर गेला आणि पुन्हा बदलावा लागला तर किती खोलाखोल करावी लागेल? ही दोन उत्तरं मिळाली की निवड बरीचशी आपोआप होते.

पायरी १: पार्ट खरंच गेलाय का?

चुकीचा पार्ट कितीही अस्सल असला तरी तो पैसे वाया घालवतोच. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या स्कॅनरवर आलेला बिघाडाचा कोड म्हणजे निदान नव्हे. पी०४२० हा कोड कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणाऱ्या भागाची) कार्यक्षमता कमी झाल्याचं सांगतो. पण एक्झॉस्टमधली गळती किंवा बिघडलेला ऑक्सिजन सेन्सर यामुळेही तो येऊ शकतो. खड्ड्यातून जाताना पुढून खडखड आवाज आला की शॉकअब्सॉर्बरवर संशय जातो, आणि दोषी निघते ती स्टॅबिलायझर लिंक. म्हणून मेकॅनिकला आधी हे विचारा, “हाच पार्ट गेलाय हे कशावरून?” उत्तरात मोजमाप, ढिलेपणा, गळती असं काहीतरी दाखवता आलं पाहिजे. “किलोमीटर झालेत ना आता” हे उत्तर बेल्ट आणि फिल्टरला चालेल, सेन्सरला नाही.

पायरी २: पार्ट बनवतं कोण, हे समजून घ्या

गाडीवर ज्या कंपनीचं नाव असतं ती कंपनी गाडीतले बहुतेक पार्ट स्वतः बनवत नाही. सेन्सर, इंजेक्टर, क्लच, बेअरिंग, ब्रेक, दिवे, शॉकअब्सॉर्बर हे सगळं पुरवठादारांकडून येतं: बॉश, डेन्सो, व्हॅलिओ, झेडएफ, शेफ्लर, आयसिन, माले, एनजीके, केवायबी, ब्रेम्बो वगैरे. यातल्या काहींची विक्रीची नावं आणखी वेगळी असतात. लुकचा क्लच आणि एफएजीचं बेअरिंग दोन्ही शेफ्लरच्या घरातले. साक्स, लेमफर्डर आणि टीआरडब्ल्यू ही झेडएफची नावं.

त्यामुळे बाजारात एकाच पार्टचे अनेक अवतार मिळतात. जेन्युइन म्हणजे गाडीच्या कंपनीच्या डब्यातला. ओईएम म्हणजे मूळ पुरवठादाराने स्वतःच्या डब्यात विकलेला. कधी कधी दोन्ही एकाच साच्यातून निघालेले असतात, आणि त्याची खूणही दिसते: पुरवठादाराच्या डब्यातल्या पार्टवर एका जागी ग्राइंडर फिरवलेला असतो, कारण तिथे गाडीच्या कंपनीचा शिक्का होता. असा घासलेला डाग पाहून लोक नकली म्हणून पार्ट परत करतात. प्रत्यक्षात ती बऱ्याचदा चांगली खूण असते.

पण इथे एक मेख आहे. एखादी कंपनी नावाजलेली पुरवठादार आहे म्हणून तिचा प्रत्येक पार्ट ‘मूळ’ ठरत नाही. तुमच्या मॉडेलला तिने कधीच काही पुरवलेलं नसेल, तर तिच्या डब्यातला पार्ट हा तिने बनवलेला किंवा दुसऱ्या कारखान्यातून घेतलेला आफ्टरमार्केट, म्हणजे गाडीच्या मूळ पुरवठ्याबाहेरचा, पार्टच असतो. तो वाईट असेलच असं नाही. फक्त ‘ओईएम’ म्हणून त्याला जादा पैसे देऊ नका. सोपा उपाय म्हणजे गाडीतून निघालेल्या जुन्या पार्टवर कोणाचा शिक्का आहे ते पाहा. पहिल्यांदाच बदलत असाल तर तोच तुमचा मूळ पुरवठादार.

यानंतर येतात निव्वळ आफ्टरमार्केटवाले. त्यात उत्तमपासून भिकारपर्यंत सगळं आहे. रिमॅन्युफॅक्चर्ड म्हणजे जुना पार्ट पूर्ण खोलून, झिजलेले भाग बदलून, तपासून पुन्हा विकलेला. मोडीत निघालेल्या गाडीतून काढलेला पार्ट ही आणखी वेगळी जात. आणि शेवटी नकली: दुसऱ्याच्या नावाच्या डब्यात घातलेला माल. आफ्टरमार्केट आणि नकली यांना एकाच दावणीला बांधू नका. आफ्टरमार्केटवाला स्वतःच्या नावाने विकतो, नकलीवाला दुसऱ्याच्या.

पायरी ३: पार्ट कोणत्या गटातला ते ठरवा

एअरबॅग, सीटबेल्ट, त्यांचे सेन्सर. इथे चर्चा नको. नवा, जेन्युइन, अधिकृत ठिकाणाहून. अमेरिकेच्या महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने ऑक्टोबर २०१२ मध्ये नकली एअरबॅगबद्दल जाहीर इशारा दिला होता. चाचणीत काही एअरबॅग उघडल्याच नाहीत, तर काहींमधून धातूचे तुकडे उडाले. एअरबॅग चांगली आहे की नाही हे ती उघडेपर्यंत कळत नाही, आणि तेव्हा कळून उपयोग नसतो. जुन्या गाडीतून काढलेलीही घेऊ नका.

ब्रेक. इथे मात्र कंपनीचाच हवा असा हट्ट मी धरत नाही, प्रमाणपत्राचा धरतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांपैकी आर९० हा नियम बदली ब्रेक पॅडसाठी आहे. कारच्या पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या तुलनेत १५ टक्क्यांच्या मर्यादेत राहिली पाहिजे, कमीही नाही आणि जास्तही नाही. जास्त पकड वाईट का, असं वाटेल. पण पुढचे पॅड अचानक जास्त पकडू लागले की पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बिघडतो. पॅडच्या मागच्या पत्र्यावर वर्तुळात ‘ई’ अक्षर, त्यापुढे देशाचा आकडा (जर्मनी १, फ्रान्स २) आणि ९०आर ने सुरू होणारा मंजुरी क्रमांक असतो.

काही पॅडच्या कडेला एफएफ, जीजी अशी दोन अक्षरंही छापलेली दिसतात. पहिलं अक्षर साधारण तापमानातल्या घर्षणाचं, दुसरं गरम झाल्यावरचं. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. एफई दिसलं तर समजा की घाट उतरताना पॅड तापले की पकड कमी होणार. मात्र पॅड किती टिकेल, आवाज करेल का, डिस्क खाईल का, यातलं काहीही ही अक्षरं सांगत नाहीत. दुकानदार ‘जीजी आहे, एक नंबर’ म्हणाला तर मान डोलवा आणि मंजुरी क्रमांक शोधा.

टायमिंग बेल्ट. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्या हालचालीचा मेळ राखणारा हा पट्टा. हा पार्ट स्वतः फार महाग नसतो, त्याचं जाणं महाग असतं. अनेक इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. शिवाय बेल्टपर्यंत पोहोचायला इंजिनची पुढची बाजू खोलावी लागते. म्हणजे सुरुवातीच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं इथे वाईट आहेत. जेन्युइन किंवा मूळ पुरवठादाराचा पूर्ण संच घ्या: बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर, त्याला वाट देणारी आयडलर पुली आणि त्याच बेल्टवर वॉटर पंप चालत असेल तर तोही. नवा बेल्ट आणि जुना टेन्शनर ही काटकसर नव्हे. क्लचचंही तेच गणित. गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्र बदला, आणि क्रँकचं मागचं ऑइल सील ओलं दिसत असेल तर तेही.

सेन्सर. इथे लोक सर्वात जास्त फसतात, कारण दिसायला सगळे सारखे. हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर आणि एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर यांच्या आकड्यांवर इंजिनचा कॉम्प्युटर इंधन ठरवतो. सेन्सरचं मोजमाप थोडं जरी हललं तरी गाडी चालते, पण अ‍ॅव्हरेज पडतं, आयडलिंग हलतं, आणि कोड येतोच असं नाही. मग महिनाभर दुसरेच पार्ट बदलले जातात. ज्या कंपनीचा सेन्सर निघाला त्याच कंपनीचा घाला. डबा पुरवठादाराचा चालेल. वायर कापून जोडायचे ‘युनिव्हर्सल’ सेन्सर मी टाळतो. सांध्यात ओल शिरली की तो बिघाड शोधणं डोकेदुखी असते.

सस्पेन्शन. नामांकित आफ्टरमार्केट इथे उत्तम चालतं. शॉकअब्सॉर्बर एका अ‍ॅक्सलचे दोन्ही एकदम बदला, आणि दोन्ही एकाच कंपनीचे. स्वस्त लोअर आर्ममध्ये घोळ असतो तो रबराच्या बुशमध्ये आणि बॉल जॉइंटच्या बुटात. रबर कडक असेल तर स्टिअरिंगवर कंप येतो, मऊ असेल तर ब्रेक मारताना गाडी ओढते. काही गाड्यांत बुशच्या आत द्रव भरलेला असतो. त्या जागी साधा भरीव रबराचा बुश बसतो खरा, पण गाडीचा गुळगुळीतपणा जातो.

फिल्टर, वायपर, बल्ब, कूलंटचे होज. बिनधास्त आफ्टरमार्केट घ्या, पण ओळखीच्या नावाचं. अपवाद ऑइल फिल्टरचा, कारण आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही. आडव्या किंवा उलट्या बसणाऱ्या फिल्टरमध्ये तेल परत वाहून जाऊ नये म्हणून रबराची पातळ चकती असते. स्वस्त फिल्टरमध्ये ती साध्या नायट्राइल रबराची असते आणि उष्णतेने कडक होते, चांगल्यात सिलिकॉनची. फिल्टरच्या गोल छिद्रांतून आत डोकावलं तर चकती दिसते, बोटाने दाबून पाहता येते. ती कडक झाली की सकाळी गाडी सुरू करताना दोन-तीन सेकंद इंजिनमधून खडखड ऐकू येते. तेल वर पोहोचेपर्यंतचा तो आवाज असतो.

बॉडीचे पार्ट. बंपर, फेंडर, बॉनेट स्वस्तात मिळतात आणि फटी जुळत नाहीत. उत्तर अमेरिकेत कापा नावाची संस्था १९८७ पासून असे पार्ट तपासून प्रमाणित करते. तिचा शिक्का असेल तर फिटिंगची काळजी बरीच कमी. शिक्का असो-नसो, रंग देण्याआधी पार्ट गाडीवर लावून बघा. रंगवलेला पार्ट कोणी परत घेत नाही. पुढच्या काचेमागे कॅमेरा असलेल्या गाडीला कुठलीही नवी काच बसवली तरी कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करावंच लागतं. ते धरून खर्चाची तुलना करा. दरवाजे, आरसे, स्विच, आतले प्लॅस्टिकचे पार्ट यांसाठी मोडीतल्या गाडीतला पार्ट हा खरं तर सर्वात शहाणा पर्याय, कारण तो जेन्युइनच असतो.

अल्टरनेटर, स्टार्टर, स्टिअरिंग रॅक, ब्रेक कॅलिपर. इथे चांगल्या कंपनीचा रिमॅन्युफॅक्चर्ड पार्ट स्वस्त नव्या पार्टपेक्षा सरस ठरतो, कारण बाहेरचं घर आणि मुख्य भाग मूळ कंपनीचे असतात. जुना पार्ट जमा करावा लागतो, त्यासाठी अनामत घेतली जाते. तो तुटका किंवा खोललेला असेल तर अनामत परत मिळत नाही, म्हणून मेकॅनिकला आधीच सांगून ठेवा.

पायरी ४: नंबर जुळवा, नाव नव्हे

“याच मॉडेलचा, याच वर्षाचा” एवढ्यावर पार्ट मागवू नका. उत्पादन चालू असतानाच कंपन्या ब्रेकचा आकार, सेन्सरचा प्लग, बेल्टची लांबी बदलतात. गाडीचा १७ अंकी-अक्षरी व्हीआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, द्या आणि कंपनीच्या कॅटलॉगमधून मूळ पार्ट नंबर काढा. (व्हीआयएनमध्ये आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतातच, त्यामुळे गोल दिसलं की ते शून्य.) जुन्या पार्टवरचा नंबर आणि कॅटलॉगचा नंबर वेगळा आला तर लगेच घाबरू नका, कंपन्या सुधारित पार्टला नवा नंबर देतात आणि बऱ्याचदा फक्त शेवटचं अक्षर बदललेलं असतं. हा मूळ नंबर हातात आला की आफ्टरमार्केटवाल्यांच्या कॅटलॉगमध्ये त्यावरून त्यांचा नंबर शोधता येतो.

स्पार्क प्लगला विशेष सांभाळा. थ्रेड जुळला म्हणजे प्लग जुळला असं नाही. उष्णतेचा क्रमांक महत्त्वाचा. एनजीके आणि डेन्सोमध्ये मोठा आकडा म्हणजे जास्त थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) प्लग, बॉशमध्ये उलट, मोठा आकडा म्हणजे जास्त गरम. एका कंपनीचा आकडा दुसरीत तसाच शोधला की गडबड झालीच.

पायरी ५: काउंटरवर जुना आणि नवा शेजारी ठेवा

हे पाच मिनिटांचं काम सगळे टाळतात. बेल्टचे दात मोजा, रुंदी पाहा. डिस्कचा व्यास, उंची आणि कडेला कोरलेली किमान जाडी जुळते का बघा. वायरच्या प्लगमधल्या पिनांची संख्या, होजचा बाक, बोल्टची लांबी. वजनही हातात घेऊन बघा. हलका पार्ट नेहमी वाईट नसतो, पण का हलका आहे हे विचारा.

व्हील बेअरिंग इथे लक्षात ठेवण्यासारखं आहे. एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या अनेक गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते. डोळ्यांना दोन्ही बाजू काळ्या रबराच्याच दिसतात. टाचणी जवळ नेली की चुंबकीय बाजू ती हलकेच ओढते. स्वस्त बेअरिंगमध्ये ती पट्टी कधी नसतेच, आणि असली तरी उलटं बसवलं की सेन्सरला काही वाचता येत नाही, एबीएसचा दिवा लागतो, आणि दाबून बसवलेलं बेअरिंग काढताना मोडतं.

नकली मालाची लक्षणं: डब्यावर शुद्धलेखनाच्या चुका, धूसर छपाई, डब्यावरचा नंबर आणि पार्टवरचा नंबर वेगळा, साच्याच्या कडा न घासलेल्या, सीलची चिकटपट्टी दुसऱ्यांदा लावल्यासारखी. होलोग्राम आणि क्यूआर कोडवर आंधळा विश्वास नको, तेही छापता येतात. कोड स्कॅन केल्यावर उघडणारं पान खरोखर त्या कंपनीच्याच पत्त्यावरचं आहे का ते बघा. आणि बाकी सगळीकडच्या भावापेक्षा निम्म्यात कोणी देत असेल तर त्यामागचं कारण तुम्हालाही माहीत असतं.

पायरी ६: खर्च पूर्ण मोजा, वॉरंटी वाचा

तुलना पार्टच्या किमतीची नको, बसवून झालेल्या कामाची करा. बॉनेट उघडून दोन मिनिटांत बदलतो तो एअर फिल्टर. तिथे स्वस्त घेऊन फसलात तरी नुकसान फिल्टरपुरतंच. डॅशबोर्ड उतरवून बदलावा लागणारा हीटर कोअर मात्र दुसऱ्यांदा बदलायची वेळ आली तर मजुरीच पार्टच्या कितीतरी पट होते. आफ्टरमार्केटची ‘आजीवन वॉरंटी’ बहुतेक वेळा नवा पार्ट देण्यापुरती असते, मजुरी तुमचीच. सर्व्हिस सेंटरमध्ये बसवलेल्या जेन्युइन पार्टवर बऱ्याचदा मजुरीही धरलेली असते. हे बिलावर लिहून घ्या.

गाडी वॉरंटीत असेल तर ‘बाहेरचा पार्ट लावला की वॉरंटी गेली’ ही धमकी तपासून पाहा. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार कंपनीला सरसकट अशी अट घालता येत नाही. बाहेरच्या पार्टमुळेच बिघाड झाला हे तिने दाखवावं लागतं. बाकी देशांत नियम वेगळे आहेत, त्यामुळे वॉरंटी पुस्तिकेतली कलमं आणि स्थानिक ग्राहक कायदा दोन्ही वाचा. पण खरं सांगायचं तर इंजिन, गिअरबॉक्स आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या बाबतीत वॉरंटी चालू असेपर्यंत जेन्युइन घेणं डोक्याला शांतता देतं. कायदा बाजूने असला तरी भांडायला वेळ लागतोच.

पायरी ७: बसवताना पार्टचं आयुष्य वाचवा

कित्येक ‘खराब आफ्टरमार्केट पार्ट’ हे खरं तर खराब फिटिंग असतं. लोअर आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना पक्के आवळले तर गाडी खाली आल्यावर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. बोल्ट हाताने लावून, गाडी चाकांवर आणून, मग ठरलेल्या जोराने (टॉर्कने) आवळायचे. मेकॅनिकला हे नम्रपणे सांगितलं तर चालतं, मी सांगतो.

नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसायचं आणि हब घासून स्वच्छ करायचा, नाहीतर डिस्क किंचित तिरकी बसते आणि काही हजार किलोमीटरनंतर पेडल थरथरतं. दोष डिस्कला दिला जातो. नव्या पॅडला सुरुवातीला जोरात ब्रेक मारून तापवू नका. मध्यम वेगावरून हलके, अंतर राखून ब्रेक घेत पॅड आणि डिस्क एकमेकांना बसू द्या. कॉमन रेल डिझेलचे नवे इंजेक्टर, काही गाड्यांत बॅटरी, थ्रॉटल बॉडी यांची कॉम्प्युटरमध्ये नोंद किंवा जुळणी करावी लागते. ती न केल्याने गाडी धडपडू लागली की पार्ट परत जातो.

बदललेला जुना पार्ट आणि नव्याचा डबा आठ-दहा दिवस, आणि नंबर असलेलं बिल वॉरंटी संपेपर्यंत जपून ठेवा. जुना पार्ट परत लावून बघायची वेळ अधूनमधून येते. बिलावर ‘ब्रेक पॅड, एक सेट’ एवढंच लिहिलं असेल तर दुकानातून बाहेर पडण्याआधी त्यावर कंपनीचं नाव, पार्ट नंबर आणि गाडीचे किलोमीटर लिहून घ्या, कारण वॉरंटीचा दावा करायला गेलात की पहिल्यांदा हेच तीन तपशील मागतात.